घुंगरांची पहिली गाठ

“शामला, एक ध्यानात ठेवजो. उन्हाळा लागला की यायले घरात कोंडू नको. कूलरच्या हवेनं माणूस जित्ता राहते, पण माणसाईत बसल्याबिगर हासत नाई. माणसाईत बसवजो.”

सासूबाई, इंदूबाई, हे बोलल्या त्याला तीन उन्हाळे झाले होते. अखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस होता, गच्चीवर दोघी कैरीच्या फोडी वाळत घालत होत्या. त्याच आषाढात त्या गेल्या. ‘यायले’ म्हणजे रामाजींना. नवऱ्याचं नाव इंदूबाईंनी जन्मात कधी घेतलं नाही. रोज सकाळी साडेनऊला शामला खिडक्यांवर खसाच्या ताट्या सोडी, पाणी मारी, आणि आतल्या खोलीत सासरे कूलरच्या घरघरीत भिंतीकडे बघत बसले की तिला वाटे, सांगितलं होतं एक आणि आपण करतो आहोत त्याच्या नेमकं उलट.

रामाजी शहाऐंशीचे. बायको गेल्यापासून त्यांची आठवण विरलेल्या लुगड्यासारखी झाली होती. कुठे धड, तर कुठे नुसता हात लावला की फाटे. चहा झाला की नाही हे दहा मिनिटांत विसरत. रोशनीला, नातसुनेला, कधी नावाने हाक मारत, तर कधी “बाई, तुम्ही कोनाकडच्या जी?” असं अदबीने विचारत.

यंदा प्रताप नगरातल्या त्यांच्या ले-आउटने, म्हणजे वसाहतीने, एक बरी गोष्ट केली होती. कोपऱ्यावरच्या बगीच्यात मेअखेरच्या नवतप्याचे नऊही दिवस संध्याकाळी काही ना काही ठेवलं होतं. तिकीट नाही, पास नाही, ज्याने त्याने आपल्या घरची खुर्ची आणायची, एवढंच. नवतप्यात नागपूरला दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. शेजाऱ्याला शेजारी दिसतो तो दिवस कलल्यावरच. पाच वाजता हिरवळीवर नळीने पाणी मारत, सहाला पन्ह्याचा ड्रम येई, आणि सातपर्यंत खाली नेलपॉलिशने नावं लिहिलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची जत्रा भरे. पहिल्या दिवशी जादूगार झाला. दुसऱ्या दिवशी शेजारच्याच मंडळींनी जुनी गाणी म्हटली, त्यात बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी माइक धरला तो चार गाणी सोडलाच नाही. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या चादरीवर सिनेमा दाखवला. वारा सुटला की नायकाचं नाक हले आणि पोरांपेक्षा मोठी माणसं जास्त हसत.

आणि सहाव्या दिवशी, शनिवारी, खाप्याकडची एक पार्टी खडी गंमत घेऊन येणार होती.

हे वाचून दाखवलं रोशनीने, जेवणाच्या ताटावर, ले-आउटच्या ग्रुपवर आलं होतं म्हणून. रामाजींच्या मोठ्या मुलाने, देवरावांनी, वरणात भात कालवला आणि विषय पावसाळ्याआधी गच्चीला डांबर लावण्यावर नेला. शामलाच्या लक्षात आलं. चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने विषय बदलला की तिला नेहमी त्याच्या तळाशी त्याचं जुनं गाव, खापाच सापडे.

रामाजी खाप्याजवळच्या मँगनीजच्या खाणीत हजेरी लिहीत. ले-आउटमधल्या सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं. पण तरुणपणी ते संध्याकाळी गंमतीत उभे राहत. खडी गंमत म्हणजे उभ्याने करायचा खेळ. शाहीर उभा, ढोलकीवाला उभा, मागे झील धरणारे उभे, आणि मधोमध लुगडं नेसून, पायात घुंगरू बांधून नाचणारा पुरुष, त्याला म्हणतात नाच्या. रामाजी नाच्या होते. सावनेरपासून पार छिंदवाड्याच्या सीमेपर्यंत त्यांचं नाव होतं, असं इंदूबाई शामलाला सांगत, पण मोठा मुलगा घरात नाही असं पाहून.

शनिवारी दुपारी बाराच्या उन्हात, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून जितेंद्र मनीषनगरहून आला. देवरावांचा धाकटा भाऊ, त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आणि बोलण्यात नऊ पट मोकळा. पाणी प्यायच्या आधीच त्याने सांगून टाकलं.

“दादा, मी आजच्यासाठीच आलो. बाबाले गंमतीले घेऊन जातो.”

देवरावांनी पेपर खाली केला नाही. “बाबांना झेपणार नाही.”

“बगीचा शंभर पावलांवर आहे. मी उचलून नेतो.”

“गर्दी असते. मग रात्रभर झोपत नाहीत. तू जातोस निघून, जागतं कोण?”

“वहिनी जागते. तू तं घोरते.”

रोशनी हसली आणि हसू लपवायला माठाचं झाकण उगाच उचलून पुन्हा ठेवलं. देवरावांनी पेपरची घडी केली, घडीची पुन्हा घडी केली. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर म्हणून पस्तीस वर्षं काढलेला माणूस, कागद चुरगळणार नाही. जितेंद्रने आवाज उतरवला.

“खरं सांगू का? बाबा नाच्या होते हे लोकाईले समजंन म्हणून भेऊन राहिला तू. एवढंच आहे ते.”

देवराव उठले, खोलीत गेले, दार लोटून घेतलं. रोशनीने काकांकडे पाहून हळूच सांगितलं की सहाला ती आजोबांचा इस्त्रीचा सदरा काढून ठेवेल. म्हणजे घराचे दोन तट पडले होते आणि मध्ये, नेहमीसारखी, शामला. जितेंद्रने तिला विचारलं, तू काय म्हणते वहिनी?

“ने तू मामाजींना,” सासऱ्यांच्या खोलीकडे पाहत शामला म्हणाली. “पण चोरून नको नेऊस. दादांना सांगून ने.”

सहा वाजता जितेंद्रने वडिलांना सदरा घातला, तेल लावून भांग पाडला आणि लोटलेल्या दारासमोर उभा राहून म्हणाला, “दादा, मी बाबाले नेऊन राहिलो. चोरून नाई नेऊन राहिलो, सांगून नेऊन राहिलो.”

तिघं बाहेर पडले. रामाजींनी फाटकाशी थांबून विचारलं, “लगन कोनाचं आहे?” आणि रोशनीने त्यांना काय सांगितलं ते शामलाला ऐकू आलं नाही.

अधिक महिना चालू होता. या महिन्यात शामलाचा नेम होता. एकभुक्त राहायचं, दिवेलागणीला देवापाशी तुपाचा दिवा लावायचा आणि पोथीचा एक अध्याय वाचून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. घरच्यांना हे माहीत होतं. त्या अर्ध्या तासात तिला कोणी मिठाचा डबा कुठे आहे हेही विचारत नसे. आजही तिने दिवा लावला, पाट मांडला, पोथी उघडली. बगीच्याकडून ढोलकी तापवल्याचा, जुळवून पाहिल्याचा आवाज येऊ लागला होता.

मागे दार वाजलं. देवराव येऊन देवघराच्या उंबऱ्यावर बसले. मग बोलले ते तिच्या पाठीशी.

“जितू म्हणतो मला लाज वाटते. म्हणू दे. तो तेव्हा दोन वर्षांचा होता.”

शामलाचं बोट ओवीवर थांबलं.

“मी पाचवीत होतो. डबा घरी विसरलो. बाबा रात्रभर खेळ करून सकाळी परतले होते, अंघोळसुद्धा झाली नव्हती. आईनं सांगितलं म्हणून तसेच डबा घेऊन शाळेत आले. डोळ्यांत काजळ, टाचांना आलता. सगळा वर्ग हसला. मास्तरांनी विचारलं, हा कोण रे? मी म्हटलं, आमच्या मोहल्ल्यातला माणूस आहे.”

ढोलकी थांबली. कोणीतरी माइकवर फुंकर मारून पाहिली.

“बाबा दारातच होते. त्यांनी ऐकलं. मास्तरांना म्हणाले, ‘हाव जी, मोहल्ल्यातलाच हावो मी. याच्या मायनं डबा धाडला.’ डबा ठेवला आणि गेले. त्या दिवसानंतर त्यांनी घुंगरू बांधले नाहीत. मला एका शब्दानं बोलले नाहीत. कधीच नाही. आता त्यांना काही आठवत नाही, चहासुद्धा आठवत नाही. पण तिथं ढोलकी वाजली आणि नेमकं तेवढंच आठवलं तर? माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तेवढंच आठवलं तर, शामला?”

शामलाला कळत होतं की ती बोलू शकली असती तर हा माणूस हे बोललाच नसता. जी गोष्ट आईला, भावाला, बायकोला सांगता आली नाही, ती त्याने आज एका मुक्या पाठीला सांगितली. चौतीस वर्षं तिनेही त्याच्या मनातल्या त्या गोष्टीला लाज हेच नाव दिलं होतं. देवासमोर बसून तिने मनातल्या मनात त्याची क्षमा मागितली. अकरा ओव्या उरल्या होत्या. त्या तिने घाई न करता वाचल्या, पोथीला कपाळ टेकलं, रुमालात गुंडाळली आणि मगच वळली.

“तुमची खुर्ची घेऊन जाते मी,” ती म्हणाली. “मामाजींच्या बाजूला ठेवते. यायचं तेव्हा या.”

बगीच्यात पाय ठेवताच ओल्या गवताचा वास आला. हर्षा मेश्राम ड्रमपाशी उभ्या राहून पन्ह्याचे पेले भरत होत्या. चार घरं सोडून राहणाऱ्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्यामुळे रांगेतली मोठी माणसंसुद्धा त्यांच्यापुढे सरळ उभी राहत. शामलाने दोन खुर्च्या आणलेल्या पाहून त्यांनी विचारलं नाही, फक्त वाट करून दिली. चालता चालता सांगू लागल्या की त्यांचे बाबा भीमजयंतीच्या जलशांत गात. पहाटे घरी येत ते गातच, पोरींची झोपमोड होई आणि त्या उशी फेकून मारत.

“आता वाटते,” हर्षाताई म्हणाल्या, “एकदा तरी तशी झोपमोड करावी कोणी.”

रामाजी पुढच्या रांगेत बसले होते, एका बाजूला जितेंद्र, दुसऱ्या बाजूला रोशनी. शामलाने जितेंद्रला उठवून पलीकडे बसवलं आणि सासऱ्यांच्या उजव्या हाताला रिकामी खुर्ची ठेवली. त्याने भुवई उडवली. ती म्हणाली, असू दे.

पार्टीने दिव्याला नमस्कार केला. ढोलकी, डफ, तुणतुणं, सगळ्यांना कुंकू लागलं. नाच्या पुढे आला तो दुर्गेश नावाचा चाळिशीचा माणूस, हिरवं लुगडं, डोक्यावर गंगावन, आणि मनगटावर विसरून राहिलेलं घड्याळ. रोशनीने आधीच सांगून ठेवलं असावं, कारण हातात घुंगरांचे पट्टे घेऊन तो सरळ रामाजींपाशी आला आणि पायांवर डोकं ठेवलं.

“बाबाजी, आमच्या पार्टीचा कायदा आहे. जुना नाच्या हजर असला तं पहिली गाठ त्याच्या हातची. त्याबिगर पाय उचलत नाई आम्ही.”

मागच्या रांगांत कुजबुज झाली आणि थांबली. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना आता माहीत झालं. शामलाने कोणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही.

दुर्गेशने पाय हिरवळीच्या कडेच्या विटेवर ठेवला. रामाजींनी पट्टा घेतला, दोरी घोट्याभोवती फिरवली, टोकं जुळवली आणि घुंगरू खाली घसरले. त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा घसरले. तिसऱ्यांदा त्यांनी दोरी धरली आणि स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिले, जशी ती कोणाकडून मागून आणली होती.

“राहू द्या बाबाजी,” दुर्गेश हळू आवाजात म्हणाला. “हात लागला तेवढा पुरे. तुमच्यासंगं कोन आहे जी? त्याईच्या हातून बांधून घेतो.”

जितेंद्र अर्धा उठला. तेवढ्यात फाटकाजवळच्या कडुनिंबाखालून आवाज आला.

“मी आहे.”

देवराव खुर्च्यांमधून वाट काढत येत होते. पुढे येऊन ते थांबले आणि पार्टीकडे नाही, सगळ्या बगीच्याकडे पाहून म्हणाले, “मी पोरगा हावो त्याईचा. मोठा.”

कितीतरी वर्षांत शामलाने ही बोली त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती.

कडक घडीच्या पँटनिशी ते ओल्या गवतात बसले, दुर्गेशचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला. दोन वेढे, मधून दोरी, वेढ्याखालून पुन्हा वर. बोटं कुठे अडत नव्हती. जितेंद्र बघतच राहिला, आणि शामलालाही तेव्हाच समजलं की खाप्याच्या त्या घरात, कधीकाळी, खेळाला निघालेल्या बापाचे घुंगरू कोण बांधून देत असे. ते त्यांनी उंबऱ्यावर बसूनही सांगितलं नव्हतं.

रामाजी वाकून बघत होते. मग त्यांनी मुलाच्या खांद्यावर बोट टोचलं.

“आतल्या अंगानं बांध देवा. बाहेरून घासते. तुले किती डाव सांगतलं.”

देवरावांचे हात थांबले. त्यांनी मान वर केली. वडील त्यांच्याकडेच पाहत होते, नीट, ओळखून, थोडे रागावल्यासारखे, जसा कामात चुकलेल्या पोरावर बाप रागावतो.

“हाव बाबा,” देवराव म्हणाले. “इसरलो होतो.”

त्यांनी गाठ सोडली आणि आतल्या बाजूने बांधली.

“इंजिनिअरसाहेब,” मागून हर्षाताई म्हणाल्या, “दुसरा पायही बांधून द्या, नाहीतर लंगडा नाचंल तो.” सगळा बगीचा हसला आणि ज्या गोष्टीचं काय करावं ते कोणालाच कळत नव्हतं, ती त्या हसण्यात विरघळून गेली.

मग गण झाला आणि खेळ रंगला. दुर्गेशने समितीच्या अध्यक्षांना सोडलं नाही, ढेरीवाल्यांना सोडलं नाही, नळाला पाणी येताच कपडे धुवायला पळणाऱ्या बायांची अशी नक्कल केली की शामलाला पदर तोंडाशी धरावा लागला. रामाजी हसत होते, दात नसलेल्या तोंडाने, खांदे हलवून, गुडघ्यावर थाप मारून. एका ठिकाणी दुर्गेशने गिरकी घेतली तर “उशीर केला गा” म्हणून त्याला टोकलंही. इंदूबाई गेल्यापासून शामलाने त्यांना असं पाहिलं नव्हतं. तिने डोळे मिटून हात जोडले, आणि उघडले तेव्हा पूर्वेला झाडांवर जवळजवळ पुरा भरलेला चंद्र आला होता.

मध्ये पार्टी पन्हं प्यायला थांबली. दुर्गेश रामाजींच्या पायांशी बसला. रामाजींनी त्याला विचारलं, “मनसाराम काऊन नाई आला?”

मनसाराम त्यांचा शाहीर. दोघं बारा वर्षं एका खेळात उभे राहिलेले. दुर्गेशने सांगितलं की म्हातारा खाप्यालाच असतो, कंबर गेली, खाटेवरून उठत नाही.

“पण तोंड चालू आहे बाबाजी. सकाळपासून शिव्या देते. आम्ही नागपूरले निघालो तं म्हणते, रामाजी भेटला तं सांगजा, तू येऊन गेल्याबिगर मी मरत नाई. आता घरचे आमाले इचारतात, तुमाले बलावू का नको बलावू.”

जितेंद्र खो खो हसला. रामाजी हसले नाहीत. त्यांनी देवरावांच्या बाहीला धरलं.

“मले नेजो.”

आता देवराव काय म्हणणार हे घरातल्या तिघांनाही पाठ होतं. ते म्हणत, पाहू. लग्नकार्य असो, तीर्थयात्रा असो, बायकोने मागितलेली साधी तुळशीवृंदावनाची दुरुस्ती असो, देवरावांचा शब्द एकच, पाहू. आयुष्यात त्यांनी कोणाला वचन म्हणून दिलं नव्हतं आणि म्हणून कोणाचं मोडलंही नव्हतं.

“नेतो,” देवराव म्हणाले. “उद्या सकाळी. ऊन व्हायच्या आधी.”

जितेंद्रने शामलाकडे पाहिलं, शामलाने पेल्यात पाहिलं.

घरी येईपर्यंत रामाजी थकले होते. वाटेत त्यांनी दोनदा विचारलं की नवरदेव कोणत्या गावचा. दूधभात खाल्ला आणि लगेच झोपले. कोणाला जागावं लागलं नाही. निघताना जितेंद्र फाटकाशी घुटमळला. दादा रागावला का, असं वहिनीला विचारून गेला, आणि दादा स्वतः बाहेर येऊन “गाडी हळू चालव” म्हणाला तेव्हा मान डोलावून गेला.

पहाटे साडेचारला शामला उठली तेव्हा स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता. देवराव आधीच उठले होते. त्यांची अंघोळ झाली होती. पाण्याची बाटली, एक ओला दुपट्टा, वडिलांच्या गोळ्यांची डबी, सगळं टेबलावर ओळीने मांडलेलं. ऊन लागू नये म्हणून एक कांदा त्यांनी स्वतःच्या खिशात टाकला, दुसरा हातात घेऊन वडिलांच्या खोलीत गेले.

शामला मागे गेली नाही. अंगणात सडा घालत असताना उघड्या खिडकीतून तिला दोघांचे आवाज येत होते. रामाजींना कालचं काही आठवत नव्हतं. ढोलकी नाही, दुर्गेश नाही. कालची संध्याकाळ त्यांच्यापुरती झालीच नव्हती. मुलाने आता त्यांना पुन्हा पलंगावर आडवं केलं असतं, पांघरूण घातलं असतं, तर विचारणारं कोणी नव्हतं.

दोघं बाहेर आले. देवरावांनी वडिलांचा एक हात धरला होता, दुसऱ्या हातात चपला. पायरीवर बसून त्यांनी एकेक चप्पल वडिलांच्या पायात घातली.

“कुठं चाललो गा आपण?” रामाजींनी विचारलं.

“खापाले.”

“काहून?”

“मनसारामले भेटाले.”

रामाजी विचारात पडले. बाजूच्या घरात अजून कूलर चालू होता, रस्त्यावर कोणी नव्हतं. “मी म्हटलं होतं का तसं?”

“मी म्हटलं होतं बाबा,” देवराव म्हणाले. “नेतो म्हणून.”

त्यांनी वडिलांना गाडीत बसवलं, दुपट्टा डोक्याला नीट गुंडाळला. शामलाने पुढे होऊन फाटक उघडून धरलं. कोणाची झोपमोड होऊ नये म्हणून त्यांनी दिवे मंदच ठेवले आणि गाडी हळूहळू, ओल्या सड्यावर चाकांच्या दोन रेघा उठवत, सावनेरच्या वाटेला काढली.